रिपोर्ट पेशंटला देत नाहीत

“आ कर.”

मी आ केला.

“जीभ वर घे. आता गाल दाखव. हा नाही, तो.”

मी जीभ वर घेतली. एक गाल दाखवला, दुसरा दाखवला. वय एकतीस, एका पोरीची आई मी. समोर खुर्चीत डॉक्टरसाहेब मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडात मारून बघत होते, की गोळ्या खरंच गिळल्या की गालात दाबून ठेवल्या. मागं बाकड्यांवर दवाखान्याची सकाळची सगळी रांग. तापाची पोरं, पोटुशी बायका, शुगरवाले म्हातारे. सगळे बघत होते.

“बघून घ्या,” साहेब रांगेला म्हणाले. “हिच्यासारख्यांमुळं आपल्याकडचा टीबी हटत नाही. फुकट मिळतंय ना, मग किंमत कशाला राहील?”

एक बाई नाकाला पदर लावून लांब सरकली.

माझ्या आधी ज्यांचा नंबर होता ते पलीकडच्या सोसायटीतले रिटायर गृहस्थ होते. नातवाकडं गेले होते म्हणून आठ दिवस त्यांची बीपीची गोळी राहिली होती. त्यांना साहेब म्हणाले होते, “असू द्या काका, होतं असं. बसा, पाणी देऊ का?” मी तिथंच उभी होते, ऐकलं सगळं. काकांना अहो, मला अगं. ज्यांनी आठ दिवस खरंच चुकवले त्यांना पाणी, आणि जिनं एक दिवस चुकवला नाही तिच्या तोंडात बॅटरी. हे मी आज बोलतेय. तेव्हा मी तोंड मिटलं, मास्क वर ओढला आणि मान खाली घालून बाहेर आले.

एकही गोळी मी चुकवली नव्हती. हे मला माहीत होतं आणि माझ्या आईला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

आमची खोली चिखलीत. वडील आकुर्डीला एका कंपनीत झाडूकामाला होते, मी तिथल्याच वस्तीत वाढले, बारावी सायन्स केलं, मग लग्न झालं. नवरा फिटर आहे, ठेकेदारानं वर्षभरासाठी गुजरातच्या प्लांटवर नेलाय. घरात मी, आई आणि माझी प्रांजू, पाच वर्षांची. मी चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होते, ठेकेदाराकडून. गाडीत दिव्याच्या, हॉर्नच्या वायरी असतात ना, त्यांच्या जुड्या बांधायच्या, वरून टेप गुंडाळायची. धूळ नको म्हणून हॉल बंद, खिडकी एक नाही. शेजारणीच्या कोपराला आपलं कोपर लागतं इतक्या जवळजवळ उभं राहायचं, आठ तास.

खोकला धरला तेव्हा मी आधी धुळीवर ढकललं, मग एसीवर. वजन उतरायला लागलं तेव्हा आईनं ओढून दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. यंत्रानं सांगितलं टीबी आहे, आणि टीबीच्या गोळ्यांतली मुख्य गोळी याच्यावर चालेल. म्हणजे साधा टीबी. सहा महिने रोज गोळ्या, मग मोकळी. मला बरंच वाटलं ऐकून. कंपनीत टायफॉइड सांगितला, दवाखान्यानं सांगितलं तितके दिवस घरी राहिले आणि परत लाइनवर गेले. हॉलमध्ये तसाही मास्क सक्तीचा होता, त्यामुळं कुणाला कळलं नाही. टीबीचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद.

आता त्या मिस्ड कॉलचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं.

गोळ्यांच्या पाकिटावर एक कागद असतो. गोळी काढली की खाली एक फोन नंबर दिसतो, रोजचा वेगळा. गोळी खाल्ली की त्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. पैसे पडत नाहीत. तिकडं कॉम्प्युटरवर नोंद होते की आज हिनं गोळी घेतली. चांगली पद्धत आहे, घरी बसणाऱ्यासाठी. माझी बस सव्वापाचला. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन बसमध्ये बसले की उलटी व्हायची, दोनदा झाली. म्हणून मी सकाळी गोळ्या पाकिटातून काढायचे, कागदात बांधून डब्यात ठेवायचे आणि नाश्त्याच्या सुट्टीत कंपनीत घ्यायचे. पण कंपनीत फोन आत नेत नाहीत. गेटवर लॉकरमध्ये टाकावा लागतो, सुटल्यावर मिळतो. आणि घरातूनच, गोळी पोटात जायच्या आधी, कॉल द्यायचा माझा जीव होईना. न घेतलेल्या गोळीची घेतली म्हणून खबर द्यायची? ती खोटी झाली असती. सुटून घरी आल्यावर पाठ टेकली की उठवत नव्हतं.

मग मी काय करायचे, तर गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, पाकीट पुढ्यात घेऊन बसायचे आणि आठवड्याचे सगळे कॉल ओळीनं द्यायचे. मला त्यात काही चूक वाटली नाही. आमचं मस्टर तसंच चालतं. ठेकेदाराचा सुपरवायझर बुधवारी येतो आणि आठवड्याच्या सह्या एकदम घेतो, सोमवारची, मंगळवारची, सगळी. कामाला आलीस ना, मग सही कधी केलीस त्यानं काय होतं? मला वाटलं इथंही तसंच असेल. चूक झाली माझी, ती मी मानते. पण ती नोंदीतली चूक होती, गोळीतली नाही.

प्रांजूलाही तेव्हाच तपासलं होतं. तिला टीबी नव्हता. पण घरात पेशंट आहे, लहान पोर आहे, म्हणून होऊ नये यासाठी तिला रोज एक बारीक गोळी सुरू केली, तीही सहा महिन्यांची. मी सकाळी निघून जायचे, म्हणून तिची गोळी आई द्यायची, केळ्यात दाबून. पोर शहाणी, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. ती गोळी खातेय म्हणून मी निवांत होते. माझं काय व्हायचं ते होवो, पोरीला आपण कवच घातलंय, असं रोज वाटायचं.

पाचव्या महिन्यात परत थुंकी तपासली. जंतू तसाच.

साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. पडद्यावर चौकोन होते. सहा रिकामे, एक भरलेला. सहा रिकामे, एक भरलेला. असे पाच महिने. ते म्हणाले, गुरुवारी गुरुवारी आठवड्याच्या गोळ्या एकदम खातेस का? मी सांगायला लागले, साहेब, फोन गेटवर असतो. त्यांनी हात वर केला. “तुमच्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण असतं,” ते म्हणाले. कार्ड हातात होतं त्यांच्या. आडनावावर बोट होतं. तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं, ते मी विचारलं नाही. विचारावं लागत नाही. शाळेत स्कॉलरशिपच्या फॉर्मवर बोट ठेवून बाईंनी असंच म्हटलं होतं, तेव्हापासून मला ते बोट कळतं.

कंपनीला फोन करून विचारतो, असंही म्हणाले. मी हात जोडले. नको साहेब. म्हणाले, मग उद्यापासून रोज इथं यायचं, माझ्यासमोर गोळ्या घ्यायच्या, तोंड उघडून दाखवायचं. नवी थुंकी घेतली, वर पाठवतो म्हणाले, आणि गोळ्या त्याच चालू ठेवल्या. माझा जंतू गेला नव्हता म्हणून प्रांजूची गोळीही सहा महिन्यांनंतर बंद केली नाही.

त्या दिवसापासून मी रोज आ करत होते. सव्वा दोन महिने.

पहिली शिफ्ट गेली, कारण दवाखाना नऊला उघडतो. ठेकेदाराच्या पाया पडून दुसरी शिफ्ट घेतली. रात्री एकला घरी, सकाळी आठला उठून दवाखान्याच्या रांगेत, तिथून येऊन स्वयंपाक, तिथून बस. अंगात ताप. मी तेव्हा इतकी दमले होते की अपमान झाल्याचंही धड कळत नव्हतं. लोक विचारतात, तेव्हाच का नाही बोललीस? अहो, बोलायला अंगात काहीतरी लागतं. मला बाकड्यावर बसायला जागा मिळाली तरी तो दिवस बरा गेला असं वाटायचं.

आणि वाईट याचं वाटतं की मलाच माझा भरवसा राहिला नाही. रोज रोज ऐकलं की माणसाला वाटायला लागतं. मी एक दिवस आईला विचारलं, आई, मी कधी विसरले का गं गोळी? आईनं रिकामी पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. तिनं सगळी ठेवली होती, पत्र्याच्या डब्यात. म्हणाली, “आगं, डब्यात गोळ्याची पुडी ठिवल्याबिगर मी तुला कधी जाऊ दिलं का? न्हाई ना? मंग.” तरी मी ती पाकिटं मोजली. स्वतःच्या आईसमोर. त्याची मला आज लाज वाटते.

लाज आणखी एका गोष्टीची वाटते. माझ्या लाइनवर माझ्या डाव्या हाताला सुमन म्हणून एक बाई होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला खोकला होता. तिनं मला एकटीला सांगितलं होतं की टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि उतार पडत नाही. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “नीट खात नसशील.” असंच म्हणाले मी, तोंड वर करून. तिनं टेप गुंडाळता गुंडाळता माझ्याकडं नुसतं बघितलं. पुढं तिचं कंत्राट संपवलं आणि ती गावाला गेली. साहेबांवर मी चिडते खरी, पण त्यांच्याआधी ते वाक्य माझ्या तोंडून निघालेलं आहे.

दवाखान्यात थुंकी तपासणारी एक ताई आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. तीही कंत्राटावर आहे, दर वर्षी तिचीही ऑर्डर यावी लागते. ती मला रोज बघायची, खिडकीतून. एक दिवस मी आ करून बाहेर आले तेव्हा ती नळापाशी उभी होती. तिनं विचारलं, “तुझ्या पोरीला कुठली गोळी चालू आहे?”

मला कळेना ही हे का विचारतेय. मी पिशवीतून प्रांजूची त्याच दिवशी मिळालेली नवी पट्टी काढून दाखवली. तिनं नाव वाचलं, आयसोनियाझिड. पट्टी परत दिली आणि मागं वळून कुणी आहे का बघितलं.

मग तिनं सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगते. माझी जी थुंकी वर पाठवली होती ती पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये गेली. गोळ्या खाऊनही ज्यांचा जंतू मरत नाही अशांचे काही नमुने तिथं वेगळे काढतात. देशाच्या कार्यक्रमासाठी. त्या जंतूची सगळी जनुकं यंत्रावर वाचतात, अक्षर अन् अक्षर. जंतूच्या पोटात चार अक्षरांचा लांबलचक मजकूर असतो, त्यात कुठलं अक्षर बदललं की कुठलं औषध चालत नाही, हे आता माहीत झालेलं आहे. ताई म्हणाली, जंतूची सगळी कुंडली निघते. आमच्यात कुंडली बघत नाहीत, पण ही मला बघायची होती.

दवाखान्यात जे यंत्र आहे ते फक्त एका मुख्य गोळीचं सांगतं. ती माझ्यावर चालत होती, म्हणून साधा टीबी म्हणून मोकळे झाले. बाकीच्या गोळ्यांची तपासणी पहिल्याच महिन्यात व्हायला पाहिजे होती, तशी पद्धत आहे. माझा नमुना गेलाही होता. ‘नमुना अपुरा’ म्हणून परत आला. मला परत थुंकी द्यायला बोलवायचं होतं, कुणी बोलवलं नाही. तो शेरा कॉम्प्युटरवर होता. मिस्ड कॉलच्या चौकोनांच्या खाली, दोन बोटांवर. साहेबांनी चौकोन बघितले आणि थांबले.

“रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वी आलाय,” ताई म्हणाली. “मेलवर पडून आहे. चारातल्या दोन गोळ्यांना तुझा जंतू दाद देत नाही. पोरीला चालू आहे ती त्यातलीच एक.”

मी पट्टी परत पिशवीतून काढली आणि ते नाव स्वतः वाचलं.

तिनं आणखी सांगितलं. हाच जंतू, अगदी हाच, आणखी दोघांच्या नमुन्यात सापडला होता, आमच्याच भागातल्या. म्हणजे तो माझ्या चुकवण्यानं बिघडलेला नव्हता. तो बिघडलेलाच माझ्या छातीत आला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून, बहुतेक त्या बंद हॉलमधून. माझ्या डोळ्यांपुढं सुमनचं तोंड आलं.

पण खरं सांगू? माझी निर्दोष सुटका झाली याचं मला त्या घडीला काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात फक्त केळ्यातली गोळी होती. सात महिने माझी पोर शहाण्यासारखी खात होती, आणि ती खाणं न खाणं एकच होतं. त्या सात महिन्यांत मी तिला कुशीत घेऊन झोपले होते, कवच आहे म्हणून.

मी ताईला म्हणाले, मला तो रिपोर्ट दे. ती म्हणाली, मला देता येत नाही, तो पेशंटला द्यायचा नसतो. देशात कुठला जंतू कुठं फिरतो ते बघायला असतो तो. साहेबांनी उघडला तरच पुढं काही होईल. मग ती म्हणाली, “अर्ज कर. माझं नाव घेऊ नको.”

अर्ज करायला मला वडिलांनी शिकवलं. झाडूवाले होते, पण कागदाच्या बाबतीत पक्के. तोंडी बोललीस की ते हवेत जातं, म्हणायचे, कागद द्यायचा, त्याची दुसरी प्रत करायची आणि त्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्यांचा बोनस, त्यांची रजा, वस्तीतला नळ, सगळं त्यांनी असं पोच घेऊन घेऊन मिळवलं. मी त्या दुपारी कामावर गेले नाही. वहीच्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहिला. सात ओळी. माझ्या थुंकीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आला असल्यास मला त्याची प्रत मिळावी. माझ्या मुलीला प्रतिबंधक गोळी चालू आहे, ती गोळी माझ्या जंतूवर परिणाम करते का हे मला लेखी कळावं. खाली सही. पहिली प्रत वाकडीतिकडी झाली, पण दुसरी बरी आली.

दुसऱ्या दिवशी रांग नेहमीसारखी होती. माझा नंबर आला. साहेबांनी मोबाइल उचलला.

“आ कर.”

मी तोंड मिटून उभी राहिले.

“ऐकू येत नाही का?”

“गोळ्या मी घेणार आहे, साहेब,” मी म्हणाले. “रोज घेतल्यात, आजही घेईन. पण तोंड नाही दाखवणार. आधी हा अर्ज घ्या आणि पोच द्या.”

त्यांनी कागद घेतला नाही. मी तो टेबलावर ठेवला, तिथूनच त्यांनी वाचला. कान लाल झाले. मला विचारलं, तुला कुणी सांगितलं रिपोर्ट आलाय म्हणून? मी म्हणाले, अर्जात ‘आला असल्यास’ लिहिलंय. ते म्हणाले तो रिपोर्ट पेशंटला देत नाहीत, तो कार्यक्रमासाठी असतो, इंग्रजीत असतो, तुला त्यातलं ओ का ठो कळणार नाही.

“नाही कळलं तर विचारीन कुणाला,” मी म्हणाले. “पण जंतू माझ्या छातीतून काढलाय. पोर माझी आहे. तिला जी गोळी तुम्ही देताय ती चालते की नाही, एवढं कागदावर द्या.”

आवाज चढला नव्हता माझा. चढवायला ताकद नव्हती. त्यामुळं उलट सगळ्यांना नीट ऐकू गेलं. रांगेतला एकही माणूस माझ्या बाजूनं उठला नाही, हेही सांगते. मागची एक बाई फक्त वैतागून म्हणाली, अहो द्या की तिला पोच, आमचा नंबर कधी येणार? क्लार्कनं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी काही खूण केली नाही, आणि त्यानं शिक्का मारला. मी माझी प्रत घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. मग पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर गोळ्या घेतल्या.

साहेबांनी मेल उघडला. उघडताना मी बघत होते. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर आले. म्हणाले, “औषध बदलावं लागेल. तुम्ही जरा बाहेर बसा.”

तुम्ही.

आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला आनंद वगैरे काही झाला नाही. उलट तेव्हाच खरी चीड आली. म्हणजे हा शब्द यांच्याकडं होता. काकांसाठी होता, सोसायटीसाठी होता, माझ्यासाठीही निघू शकत होता. इतके दिवस तो माझ्यासाठी काढला नव्हता एवढंच.

प्रांजूचा परत एक्स-रे काढला. फोटो येईपर्यंतचे दोन तास मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. पोर बाकड्याखाली घुसून खेळत होती. एक्स-रे साफ निघाला. लहान पोरं थुंकी गिळतात, म्हणून ती नळीनं पोटातून काढून तपासली, त्यातही काही नाही. तिची गोळी बदलली. नव्या गोळीनं लघवी केशरी होते, तर ती घरभर सांगत सुटली, आज्जीला ओढून नेऊन दाखवली. आम्ही दोघी हसलो आणि मग मी बाथरूमचं दार लावून रडले. वाचली ती. कुणाच्या हुशारीनं नाही, कुणाच्या लक्ष ठेवण्यानं नाही. नशिबानं वाचली, आणि माझ्या पोरीला नशिबावर सोडलेलं मला चालत नाही.

मलाही नवी औषधं लागली. तिसऱ्या महिन्यात थुंकी साफ आली. वजन वाढायला लागलं. कंपनीतलं काम मात्र गेलं. इतक्या दांड्या ठेकेदार कुठवर ऐकून घेणार. सध्या घरी बसून साड्यांना पिको-फॉल करते.

रिपोर्टाची प्रत मिळाली, अर्ज दिल्यावर एकवीस दिवसांनी. तीन पानं. सगळं कळलं नाही, पण निम्म्याहून जास्त कळलं. आणखी दोघांत हाच जंतू सापडलाय, हेही त्यात होतं. मी वरच्या ऑफिसलाही एक अर्ज टाकला होता, साहेबांविरुद्ध, तोंड उघडायला लावल्याबद्दल आणि तीन आठवडे मेल न उघडल्याबद्दल. त्याची पोच आहे माझ्याकडं. त्यावरून परवा बोलावणं आलं. वरच्या ऑफिसच्या एक मॅडम आल्या होत्या, साहेब शेजारी बसले होते. मॅडम गोड बोलल्या. चहा सांगितला. म्हणाल्या, तुमच्या केसमुळं आम्हाला खूप शिकायला मिळालं, आता तुमचं औषध बरोबर चालू आहे, मुलगी छान आहे, मग प्रकरण बंद करू. टाइप केलेला कागद पुढं केला. ‘तक्रारदाराचे पूर्ण समाधान झाले आहे.’ खाली माझ्या नावाची जागा.

मी म्हणाले, मुलीचं कार्ड दाखवा.

का, म्हणाल्या. मी म्हणाले, बघायचंय. कार्ड आणलं. गोळी बदलली त्या तारखेसमोर शेरा होता, साहेबांच्या अक्षरात. ‘आईचे औषध अनियमित. त्यामुळे मुलीचे औषध बदलले.’

मी तो शेरा दोनदा वाचला. रिपोर्टाची तीन पानं असताना. माझा अर्ज असताना. उद्या ही पोर मोठी होईल, हे कार्ड कुठल्या तरी डॉक्टरच्या हातात जाईल आणि तो वाचेल की हिच्या आईनं हिला धोक्यात घातलं. तिच्याही आडनावावर तसंच बोट ठेवील कुणीतरी.

मी मॅडमना विचारलं, माझ्यासारखाच जंतू ज्या दोघांत सापडला त्यांना कळवलं का? त्यांच्या पोरांच्या गोळ्या बदलल्या का? त्या म्हणाल्या, ती माहिती गोपनीय असते. मी म्हणाले, नावं नकोत मला, कळवलं की नाही एवढंच सांगा. मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी टेबलाकडं. चहा आला तो तसाच राहिला.

मग साहेब म्हणाले, “झालं गेलं सोडून द्या ना आता. सही करा आणि जा घरी, आराम करा.”

दमलेली होतेच मी. अजूनही आहे. जिना चढताना धाप लागते, पिको करताना मध्येच डोळा लागतो. त्यांना वाटलं असेल, दमलेली बाई आहे, करील सही.

मी पेन उचललं नाही. म्हणाले, हा शेरा खोडा. त्याच्याखाली लिहा, जंतू आधीपासूनच दाद न देणारा होता, तपासणी राहिली ती दवाखान्याची चूक. सही तुमची, तारीख आजची. आणि त्या दोघांना कळवल्याचा कागद दाखवा. मॅडम म्हणाल्या, असं लिहिता येत नाही, पद्धत नाही. मी उठले.

त्यानंतर दोनदा निरोप आला, सही करून जा म्हणून. एकदा क्लार्क घरीसुद्धा आला, कागद घेऊन. आईनं त्याला पाणी दिलं, कागद तसाच परत दिला. मी आता दुसरा अर्ज लिहितेय, आणखी वरच्या ऑफिसला, दोन प्रतींत. त्यानं नाही झालं तर तिसरा लिहीन. माझ्या पोरीच्या कार्डावर आईनं औषध बुडवलं असं लिहिलेलं आहे तोवर माझं समाधान झालेलं नाही, आणि झालं असं मी कुठल्याही कागदावर लिहून देणार नाही.